आधी कॅटलॉग, मग नायक

न्यूयॉर्कच्या फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवरची २०० क्रमांकाची इमारत विसाव्या शतकात बराच काळ ‘टॉय सेंटर’ म्हणून ओळखली जात असे. अमेरिकेतल्या लहानमोठ्या खेळणी कंपन्यांच्या शोरूम तिथे मजल्यामजल्यांवर होत्या. न्यूयॉर्कचा ‘टॉय फेअर’ १९०३ पासूनचा. फेब्रुवारीत तो भरला, की देशभरच्या दुकानांचे खरेदीदार या शोरूममधून फिरत, नमुने हाताळत आणि निघताना प्रत्येक कंपनीचा जाडजूड रंगीत कॅटलॉग बगलेत मारून नेत. हा मेळा व्यापाऱ्यांचा होता. मुलांना त्यात काम नव्हते.

‘सिअर्स’सारख्या दुकानांचे नाताळचे कॅटलॉग मुलांच्या हाती पडत. तिकडच्या कित्येक पिढ्यांनी त्यांची पाने दुमडून ठेवली आणि हव्या त्या खेळण्याभोवती पेन्सिलीने गोल केले. कारखानदारांचा हा व्यापारी कॅटलॉग वेगळा. त्यात वर खेळण्याचे झगझगीत छायाचित्र आणि खाली दुकानदाराच्या कामाचा मजकूर असे: मालाचा क्रमांक, एका खोक्यात किती नग, खोक्याचे वजन आणि माप, कोणत्या वयासाठी, टीव्हीवर जाहिरात किती. सुपरहिरोंच्या बाहुल्यांच्या पानावर त्याहून महत्त्वाचे काही ठरलेले असे. दुकानदाराला बाहुले सुटे मिळत नसत. चोवीस नगांचे खोके घ्यायचे, तर त्यात कोणते पात्र किती, याचे प्रमाण कंपनीनेच ठरवून दिलेले असे. मुख्य नायकाचे सहा-आठ नग आणि स्त्री पात्राचा जेमतेम एखादा, अशी ती वाटणी. पुढे दुकानात त्या पात्राचे बाहुले सापडेनासे झाले, तर त्याचा उगम याच पानावर असे.

फेब्रुवारीत मागणी नोंदवायची ती डिसेंबरच्या नाताळसाठी. आपल्याकडे दिवाळी अंकाचे काम उन्हाळ्यात सुरू होते, तसाच हा हिशोब. पण खेळण्याला त्याहूनही आधी सुरुवात करावी लागे. मूर्तिकाराने नमुना घडवायचा, त्यावरून पोलादी साचा कापायचा, हाँगकाँगच्या आणि नंतर दक्षिण चीनच्या कारखान्यांत माल काढायचा आणि तो जहाजाने अमेरिकेत आणायचा. यात वर्ष सहज जाई. त्यामुळे कॅटलॉगासाठी छायाचित्र काढायची वेळ येई तेव्हा खरे खेळणे बहुधा तयारच नसे. हाताने रंगवलेला एकुलता एक नमुना उभा करून फोटो घेत. म्हणूनच जुन्या कॅटलॉगांत कधीच बाजारात न आलेली खेळणी दिसतात आणि संग्राहक त्यांच्यावर जीव टाकतात.

या व्यापारी वेळापत्रकात सुपरहिरो पडद्यावर येण्यापूर्वीच शिरले होते. क्लीव्हलंडच्या जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुणांनी रचलेला सुपरमॅन १९३८ मध्ये ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात आला. त्या कथेबरोबर पात्राचे सगळे हक्क त्यांनी १३० डॉलरना देऊन टाकले होते. दोनच वर्षांत ‘आयडियल’ कंपनीने सुपरमॅनचा सांधे हलणारा लाकडी बाहुला काढला आणि लुई मार्क्सच्या कंपनीने उडत्या सुपरमॅनसह चावीवर पळणारे पत्र्याचे विमान. परवान्याच्या पैशातला रास्त वाटा निर्मात्यांना कसा मिळाला नाही, ही या धंद्याची पहिली गोष्ट आहे आणि ती विसरता कामा नये. सुपरमॅनवर मोठा चित्रपट काढायचे ठरल्यावर दोघांची हलाखी वर्तमानपत्रांतून बाहेर आली. तेव्हा कुठे डिसेंबर १९७५ मध्ये सुपरमॅनचे हक्क असलेल्या वॉर्नर कंपनीने त्यांना प्रत्येकी वर्षाला २० हजार डॉलर आणि श्रेयनामावलीत जागा कबूल केली.

जानेवारी १९६६ मध्ये ‘एबीसी’ वाहिनीवर अ‍ॅडम वेस्टची ‘बॅटमॅन’ मालिका सुरू झाली आणि पडद्यावरच्या सुपरहिरोचे यश दुकानात कसे उतरते हे व्यापाऱ्यांनी पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर पाहिले. वेल्समधल्या स्वान्सी इथे कारखाना असलेल्या ‘कॉर्गी’ने त्याच वर्षी २६७ क्रमांकाची बॅटमोबिल काढली. काळी, चकचकीत, तळहातात मावणारी. पुढच्या बाजूची कळ दाबली की नाकातून साखळी कापणारे पाते बाहेर येई, मागच्या नळ्यांतून इवले पिवळे रॉकेट सुटत आणि आत बॅटमॅन व रॉबिन बसलेले असत. या गाडीचे लाखो नग खपले आणि ती वर्षानुवर्षे निघत राहिली. मालिका मात्र मार्च १९६८ मध्ये बंद पडली. पडद्यावरची लाट ओसरली की माल गोदामात अडकतो, हा धडा खरेदीदारांनी गाठीला बांधला. पुढची दहा वर्षे चित्रपटाच्या खेळण्यांकडे ते संशयानेच पाहत होते.

सत्तरच्या दशकात या क्षेत्रात राज्य होते ‘मेगो’ कंपनीचे. १९५४ मध्ये डेव्हिड आणि मॅडलिन अब्राम्स यांनी स्वस्त मालावर उभारलेली ही कंपनी त्यांचा मुलगा मार्टी याने १९७१ मध्ये हाती घेतली. पुढच्याच वर्षी आठ इंची ‘वर्ल्ड्स ग्रेटेस्ट सुपर हिरोज’ बाजारात आले. युक्ती साधी होती: धड सगळ्यांचे एकच, मुंडके आणि कापडी पोशाख तेवढा वेगळा. त्यामुळे नवे पात्र काढायला नवा साचा जवळजवळ लागतच नसे. सुपरमॅन, बॅटमॅन हे ‘डीसी’ या प्रकाशकाचे आणि स्पायडर-मॅन, कॅप्टन अमेरिका हे ‘मार्व्हल’ या त्याच्या प्रतिस्पर्ध्याचे. मेगोच्या कॅटलॉगात मात्र ते एकाच मालिकेत शेजारी उभे राहिले. कॉमिक्समध्ये तेव्हा असे घडणे दुर्मीळ होते.

१९७६ मध्ये मेगोकडे एका अंतराळपटाचा परवाना चालून आला. कंपनीने तो नाकारला. सिनसिनाटीच्या ‘केनर’ने तो घेतला. मे १९७७ मध्ये ‘स्टार वॉर्स’ प्रदर्शित झाला आणि केनरकडे नाताळसाठी विकायला बाहुलेच नव्हते, कारण वेळापत्रक हुकले होते. तेव्हा केनरने चक्क रिकामे पुठ्ठे विकले. पाकिटात पात्रांची चित्रे असलेला पुठ्ठा आणि एक कूपन असे. कूपन पोस्टाने पाठवायचे आणि ल्यूक, राजकन्या लिया, च्युबाका व आर-टू-डी-टू हे चार बाहुले पुढच्या वर्षी घरी यायची वाट पाहायची. आईबापांनी नाताळच्या झाडाखाली तो पुठ्ठाही ठेवला. १९७८ संपेपर्यंत केनरचे सुमारे ४ कोटी बाहुले खपले होते. चित्रपट सुपरहिरोंचा नसला तरी सुपरहिरोंच्या धंद्याचे नियम त्याने बदलले. बाहुले पावणेचार इंचांचे झाले. ते स्वस्त असल्याने मूल एकावर थांबेना आणि त्यांना साजेशी वाहनेही विकता येऊ लागली. चित्रपटाचे खेळणे काही आठवडे चालते, ही समजूत गेली. ‘स्टार वॉर्स’चे दिग्दर्शक जॉर्ज लुकास यांनी मालाचे हक्क स्वतःकडे ठेवले होते, ही गोष्टही हॉलिवूडमधल्या प्रत्येक वकिलाने लक्षात ठेवली.

‘सुपरमॅन’ला या बदलाचा फायदा उठवता आला नाही. रिचर्ड डोनर दिग्दर्शित, ख्रिस्तोफर रीव्हचा तो चित्रपट डिसेंबर १९७८ च्या मध्यावर आला आणि जगभरात त्याने ३० कोटी डॉलर कमावले. पण मुलांनी पाहून हट्ट धरावा तोवर नाताळची खरेदी उरकलेली होती. खेळणी मेगोकडे. त्यांनी सुपरमॅन, जोर-एल, जनरल झॉड आणि लेक्स लुथर यांचे बारा इंची बाहुले काढले, बाजार लहान बाहुल्यांकडे वळत असताना. महागडे परवाने आणि ओसरलेली मागणी यांच्या कात्रीत सापडून मेगोने १९८२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला.

१९८४ हे वर्ष मात्र बारकाईने पाहण्यासारखे आहे. केनरने ‘डीसी’चा परवाना मिळवून ‘सुपर पॉवर्स’ मालिका आणली. बाहुल्याचे पाय दाबले की तो ठोसा मारी. ‘मॅटेल’ने मार्व्हलचा परवाना घेतला, पण अट घातली की बाहुल्यांना आधार म्हणून एखादी मोठी कॉमिक्स मालिका हवी. तेव्हाचे मार्व्हलचे संपादक जिम शूटर यांनी पुढे सांगितले आहे की, मॅटेलने मुलांमध्ये चाचणी घेतली, तेव्हा ‘सीक्रेट’ आणि ‘वॉर्स’ हे दोन शब्द मुलांना आवडतात असे दिसले आणि त्यावरूनच ‘सीक्रेट वॉर्स’ हे नाव ठरले. कथेत किल्ले आणि वाहने असावीत, अशीही मागणी होती. खेळण्यासाठी कथा लिहायची, हा उलटा क्रम इथे उघडपणे स्वीकारला गेला. अमेरिकी सरकारने मुलांच्या टीव्हीवरील जाहिरातींचे निर्बंध त्याच वर्षी सैल केल्याने अख्खी कार्टून मालिका हीच खेळण्याची जाहिरात होणेही शक्य झाले.

त्यातही एक चांगली गोष्ट घडली. मार्व्हलच्या अर्ध्याअधिक नायकांना रूप देणारा चित्रकार जॅक कर्बी आयुष्यभर ठरावीक मोबदल्यावर राबला होता. त्याने डीसीसाठी निर्माण केलेली डार्कसाइडसारखी पात्रे ‘सुपर पॉवर्स’साठी नव्याने रेखाटायला डीसीने त्याला बोलावले आणि त्यामुळे त्या खेळण्यांवर त्याला रॉयल्टी मिळाली. सीगल-शुस्टरच्या पार्श्वभूमीवर ही रक्कम कितीही असो, तिचे मोल मोठे.

मग आला १९८९ चा उन्हाळा. टिम बर्टनच्या ‘बॅटमॅन’मध्ये विनोदी नट मायकल कीटन याची निवड झाली, तेव्हा संतापलेल्या चाहत्यांची पत्रे वॉर्नरकडे ढिगाने आली. स्टुडिओने उत्तर दिले ते चित्रांनी. पोस्टरवर चित्रपटाचे नावसुद्धा नव्हते, फक्त सोनेरी लंबगोलातले काळे वटवाघूळ आणि तारीख: २३ जून. हे चिन्ह टी-शर्ट, टोप्या, कप, चादरी अशा कशावरही छापता येत होते. कॉमिक्स, चित्रपट आणि परवाने देणारी कंपनी, तिन्ही वॉर्नरच्याच छत्राखाली असल्याने ते सर्वत्र एकाच वेळी दिसू लागले. चित्रपटाने जगभरात ४१ कोटी डॉलर मिळवले आणि मालाची उलाढाल त्याहून जास्त, सुमारे ५० कोटी डॉलर झाल्याचे तेव्हा सांगितले जाई. जॅक निकल्सनने मानधन कमी करून कमाईत आणि मालात हिस्सा मागितला होता. जोकरच्या त्या एका भूमिकेने त्याला इतके दिले की पुढे प्रत्येक नटाचा एजंट त्या कराराचा दाखला देऊ लागला.

गंमत अशी की, खेळण्यांचा परवाना त्या वेळी केनरकडे नव्हता. ‘सुपर पॉवर्स’ १९८६ मध्ये थंडावली होती आणि ‘टॉय बिझ’ नावाच्या छोट्या कंपनीने जागा पटकावली. तिचा बॅटमॅन घाईत निघाला. संग्राहक आजही त्याच्या मुंडक्याचे प्रकार वेगवेगळे मोजतात. चौकोनी जबड्याचा एक, गोल जबड्याचा दुसरा आणि कीटनच्या चेहऱ्याशी मिळताजुळता तिसरा. एकाच वर्षात, एकाच पुठ्ठ्यावर. पुढच्या वर्षी केनरने परवाना परत मिळवला.

यानंतर चित्रपट आणि कॅटलॉग यांची ओढाताण सुरू झाली. १९९२ च्या ‘बॅटमॅन रिटर्न्स’चे दोन पुरावे केनरच्या मालातच आहेत. पटकथेतून रॉबिन वगळला गेला होता, तरी त्याचा बाहुला दुकानात आला, कारण खेळण्यांचे काम त्याआधीच पुढे गेले होते. दुसरा पुरावा पेंग्विनचा. पडद्यावर डॅनी डेव्हिटोचा पेंग्विन काळी लाळ गाळणारा, भेसूर. केनरने विकला तो ‘सुपर पॉवर्स’च्या जुन्याच साच्यातून काढलेला टोपी-कोटातला गुटगुटीत गृहस्थ. मॅकडोनाल्ड्सने या चित्रपटाची खेळणी मुलांच्या ‘हॅपी मील’मध्ये दिली होती. चित्रपट पाहून पालक खवळले. जगभरची कमाईही २६ कोटींच्या आसपास थांबली. पुढच्या चित्रपटाचे दिग्दर्शन बर्टनकडून जोएल शूमाकरकडे गेले. १९९७ च्या ‘बॅटमॅन अँड रॉबिन’च्या वेळी तर खेळणी कंपनीची माणसे रचनेच्या टप्प्यापासून सल्ला देत होती. नायकांचे नवनवे पोशाख आणि नवी वाहने त्यातूनच आली. रॉबिनचे काम करणारा ख्रिस ओ’डोनेल पुढे म्हणाला की, आपण खेळण्याच्या जाहिरातीत काम करतोय असे तेव्हा वाटे. प्रेक्षकांनाही ते दिसले. ठरलेला पुढचा भाग रद्द झाला आणि बॅटमॅन आठ वर्षे पडद्यावर आला नाही. दुकानदाराला खूश करताना चित्रपटच गमावला, तर कॅटलॉगात छापायला काही उरत नाही, हे वॉर्नरला महागात समजले.

मार्व्हलमध्ये याच काळात खेळणीवाले थेट मालक झाले. १९९३ मध्ये टॉय बिझने आपल्या कंपनीचा ४६ टक्के हिस्सा मार्व्हलला देऊन त्याच्या सर्व पात्रांच्या खेळण्यांचा रॉयल्टीशिवायचा, कायमचा परवाना मिळवला. डिसेंबर १९९६ मध्ये मार्व्हल दिवाळखोरीत गेली. दोन वर्षे तिचे मालक रॉन पेरेलमन आणि गुंतवणूकदार कार्ल आयकन यांच्यात कोर्टकचेऱ्या झाल्या आणि १९९८ मध्ये कंपनी हाती आली ती टॉय बिझच्या आयझॅक पर्लमटर आणि अवी अराद यांच्या.

या कंपनीचा एक खटला वाचून थक्क व्हायला होते. अमेरिकेच्या जकात खात्याने एक्स-मेनचे बाहुले ‘बाहुल्या’ धरून १२ टक्के कर लावला होता. माणसाची प्रतिकृती असेल ती बाहुली, इतर प्राण्याची असेल ते ‘खेळणे’, आणि खेळण्यावर कर ६.८ टक्के. टॉय बिझने म्हटले, ही पात्रे माणसे नाहीतच. जानेवारी २००३ मध्ये न्यायाधीश ज्युडिथ बार्झिले यांनी तो दावा मान्य केला. एक्स-मेनसारख्या उत्परिवर्तितांनाही माणूस माना, असे चाळीस वर्षे सांगत आलेल्या कथेच्या मालकांनी न्यायालयात नेमके उलट सिद्ध केले. चाहते दुखावले, आणि ते रास्तच होते.

२००५ मध्ये मार्व्हलने स्वतः चित्रपट काढण्यासाठी ५२.५ कोटी डॉलरचे कर्ज उभे केले, काही पात्रांचे हक्क तारण ठेवून. पहिला नायक कोण? बेन फ्रिट्झ यांनी ‘द बिग पिक्चर’ या पुस्तकात नोंदवले आहे की, कंपनीने मुलांचे गट बसवून त्यांना वेगवेगळ्या नायकांची माहिती दिली आणि यातला कोण खेळायला सर्वांत आवडेल, असे विचारले. उत्तर आले आयर्न मॅन. तोवर तो दुय्यम फळीतला होता. २००८ च्या ‘आयर्न मॅन’ने ५८ कोटी डॉलर मिळवले आणि ३१ ऑगस्ट २००९ रोजी डिस्नीने मार्व्हल ४०० कोटी डॉलरना घेण्याची घोषणा केली. आजच्या मार्व्हलपटांच्या पायाशी मुलांनी निवडलेले एक खेळणे आहे. ‘सीक्रेट वॉर्स’पासूनची ही पद्धत नेहमीच वाईट फळ देते असे म्हणता येणार नाही, याचा हा सर्वांत मोठा दाखला.

पण त्या निवडीत कोणाला विचारले गेले आणि कोणाला गृहीत धरले गेले, हा प्रश्न उरतोच. ‘आयर्न मॅन ३’चे दिग्दर्शक शेन ब्लॅक यांनी २०१६ मध्ये सांगितले की, त्यांच्या पटकथेत खलपात्र स्त्री होते. तिचा बाहुला खपणार नाही असे वरून कळवण्यात आले आणि खलनायक पुरुष झाला. मे २०१५ मध्ये ‘अ‍ॅव्हेंजर्स: एज ऑफ अल्ट्रॉन’ आला. त्यात ब्लॅक विडो ही नायिका विमानातून मोटारसायकलसह रस्त्यावर उतरते, हा एक ठसठशीत प्रसंग आहे. त्या प्रसंगाचे खेळणे आले, तेव्हा मोटारसायकलवर कॅप्टन अमेरिका बसलेला होता. मार्क रफेलो हा त्याच चित्रपटातला नट. आपल्या मुलींसाठी ब्लॅक विडोचा माल मिळत नाही, अशी जाहीर तक्रार त्याने ट्विटरवर केली. त्याच सुमारास सोनी कंपनीच्या फुटलेल्या ई-मेलांत पर्लमटर यांचे २०१४ चे एक पत्र सापडले. त्यात स्त्री सुपरहिरोंचे चित्रपट कसे पडले, याची यादी होती.

दुकानातली मांडणीही याच समजुतीवर उभी होती. खरेदीदार मुलांच्या रांगेसाठी वेगळे आणि मुलींच्या रांगेसाठी वेगळे. अ‍ॅक्शन फिगर हा मुलांच्या रांगेतला माल. खोक्यात स्त्री पात्राचा एकच नग, तो पहिल्या दिवशी संपायचा, आणि वर्षअखेरीस आकडे सांगायचे की तिची विक्री कमी. सत्तरच्या दशकात मेगोनेच टीव्हीवरच्या वंडर वुमनचे, म्हणजे लिंडा कार्टरचे, छायाचित्र खोक्यावर छापून बारा इंची वंडर वुमन विकली होती, पण ती पोशाख बदलायच्या बाहुलीसारखी. ती बॅटमॅनच्या शेजारी लढेल अशी जागा तिला क्वचितच मिळाली.

ऑगस्ट २०१५ मध्ये दोन बातम्या आल्या. मार्व्हल स्टुडिओचे प्रमुख केविन फायगी पर्लमटर यांच्या अखत्यारीतून बाहेर पडून थेट डिस्नीच्या चित्रपट विभागाला उत्तरदायी झाले. आणि ‘टार्गेट’ या अमेरिकेतल्या मोठ्या दुकानसाखळीने जाहीर केले की, तिच्या खेळण्यांच्या विभागात यापुढे मुलगा-मुलगी अशा पाट्या राहणार नाहीत. २०१७ मध्ये ‘वंडर वुमन’ने ८२ कोटी आणि २०१९ मध्ये ‘कॅप्टन मार्व्हल’ने ११२ कोटी डॉलर मिळवले, आणि दोघींचे बाहुले चित्रपटाच्या आधीच दुकानांत लागले होते.